तलवार फोमची, भक्ती पोलादी

गब्बरसिंग आता बेंगळुरूकर झाला आहे. थट्टा नाही, सरकारी निर्णय आहे. मे २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने रामनगर जिल्ह्याचं नाव ‘बेंगळुरू दक्षिण’ करायचं ठरवलं, आणि ‘शोले’चं रामगढ ज्या खडकांच्या पायथ्याशी उभं केलं होतं तो रामदेवर बेट्ट याच जिल्ह्यातला. जमिनीचे भाव वाढवायचा हा डाव आहे, असं विरोधक म्हणाले. असेलही. कोसांच्या हिशेबात दहशत मोजणाऱ्या माणसाला आता म्हैसूर रोडवरच्या केंगेरीचा सिग्नल किती वेळ खातो हेही हिशेबात धरावं लागेल, एवढं खरं.

या खडकांचा सिनेमाशी घरोबा जुना. ‘शोले’चे दिग्दर्शक रमेश सिप्पींनी १९७३ च्या ऑक्टोबरात इथे शूटिंग सुरू केलं आणि त्यासाठी अख्खं गाव वसवलं. जया भादुरी दिवे मालवते आणि अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो, तो पडद्यावर जेमतेम मिनिटभराचा प्रसंग. संध्याकाळचा नेमका उजेड मिळावा म्हणून त्यावर वीसेक दिवस घालवले. जवळच्याच सावनदुर्गावर डेव्हिड लीनने ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या गुहा चित्रित केल्या. आता तिथे नवी पिढी आली आहे. रविवारी पहाटे बेंगळुरूहून म्हैसूर रोडने निघालेल्या एखाद्या गाडीची डिकी उघडून बघा. फोमच्या शीटवर चंदेरी स्प्रे मारून केलेली तलवार, पडद्याच्या कापडाचा झगा, ऑनलाइन मागवलेला लांब केसांचा टोप आणि एक ट्रायपॉड. ही मंडळी आठवडाभर कोड लिहितात आणि रविवारी राक्षस मारतात. यालाच फॅन फिल्म म्हणतात: दुसऱ्याच्या गोष्टीवर जीव जडलेला, परवानगी कोणाची नाही, खर्च पदरचा किंवा वर्गणीचा, कमाई शून्य.

असली फिल्म पाहिली नसेल तर तुमचा अर्धा तास वाचवतो. सुरुवातीला ड्रोन. डोंगर, ढग, पुन्हा तोच डोंगर. ड्रोन भाड्याचा असतो, पैसे दिवसाचे भरलेले असतात, ते वसूल होईपर्यंत आपण उडत राहायचं. मग खर्जातला आवाज सांगतो की हजारो वर्षांपूर्वी अमुक राज्यात तमुक मणी हरवला. मग नकाशा. नकाशा हा बहुधा सगळ्यात देखणा भाग, कारण तो काढणाऱ्या मुलीला खरोखर चित्रकला येते आणि तिला कोणी घाई केलेली नसते. मग नायक येतो आणि चालतो. डावीकडून उजवीकडे चालतो, चढ चढतो, ओढा ओलांडतो, क्षितिजाकडे बघतो. चालायला अभिनय लागत नाही, म्हणून चालणं भरपूर.

आणि मग तो तोंड उघडतो. तिथेच घात. हल्ली चित्र मोबाइलवरही झकास येतं. आवाज मात्र दगा देतो. खडकांवरचा वारा संवादांवर मात करतो, म्हणून सगळं नंतर भाड्याच्या खोलीत डोक्यावर पांघरूण घेऊन डब केलेलं असतं. डोंगरमाथ्यावर वादळात उभा असलेला योद्धा बाथरूममधून बोलल्यासारखा वाटतो. हे झाकायला संगीत. युद्धाला नगारे, मरणाला व्हायोलिन, आणि नायक नुसतं पाणी प्यायला तरी चाळीस जणांचा कोरस. मारामारीत दोघंही समोरच्याला लागू नये म्हणून इतके जपतात की वैर कमी आणि आदरसत्कार जास्त दिसतो. शत्रूची सेना पाच जणांची. मेलेला मागच्या मागे उठून, टोप बदलून पुन्हा अंगावर येतो. दुसऱ्यांदा मरताना तो जास्त चांगला मरतो. सराव झालेला असतो.

यातलं काहीही मी दोषांच्या खात्यात टाकत नाही. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, म्हणून कोणी किल्ला मोडत नाही. उलट, शंभर कोटींच्या सिनेमाकडे नसलेल्या दोन-तीन गोष्टी या पोरांकडे असतात. वेळ असतो, नटाच्या तारखा नसतात, मध्यंतराआधी गाणं हवं असं सांगणारा वितरक नसतो. पट्ट्याचं बक्कल, चिलखतावरची शिवण, ढालीवरचं चिन्ह यात जी मेहनत असते ती पगारी माणूस करणार नाही, कारण त्याला साडेसहाला घरी जायचं असतं. मूळ पुस्तक यांना दिग्दर्शकापेक्षा जास्त पाठ असतं. आणि पाठ असतं, तिथूनच फिल्म बिघडायला लागते. खोट टोपात नाही, टोपाखाली आहे.

लंडनचं उदाहरण घेऊ. ख्रिस बुशार्ड नावाच्या हौशी दिग्दर्शकाने टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विश्वावर ‘द हंट फॉर गॉलम’ काढली. खर्च तीन हजार पौंडांच्या आत, लांबी चाळीसेक मिनिटं, कलाकार-तंत्रज्ञ सगळे बिनपगारी. एपिंगचं जंगल, हॅम्पस्टेड हीथ आणि वेल्सचे डोंगर एवढ्यावर त्यांनी अख्खी मध्यपृथ्वी उभी केली, आणि ती खरंच उभी राहते. गॉलम हे संगणकाने घडवायचं पात्र, म्हणजे पैशाचा खड्डा. या पठ्ठ्यांनी त्याला पोत्यात घातलं. नायक पोतं खांद्यावर टाकून निघतो, आतून गॉलम कुरकुरतो, आणि बजेट वाचतं. याला म्हणतात अक्कल! गरिबीतून निघालेली ही युक्ती त्या फिल्ममधली सगळ्यात सिनेमॅटिक गोष्ट आहे.

बाकीचा वेळ मात्र ती पीटर जॅक्सनने पडद्यावर आणलेल्या त्रयीच्या सावलीत अंग चोरून बसते. तोच निळसर उजेड, तेच गवतातून सरकणारे कॅमेरे, नायकही निवडला तो त्यातल्या नायकाचा, व्हिगो मॉर्टेन्सनचा, चुलतभाऊ शोभेल असा. आणि कथेची अडचण मुळातच. मूळ त्रयीच्या आधीची गोष्ट आहे, तेव्हा नायक मरणार नाही हे पोत्यातल्या गॉलमलाही ठाऊक. जो मरू शकत नाही आणि बदलूही शकत नाही, त्याच्या पाठी चाळीस मिनिटं धावायचं कशासाठी? त्याच वर्षी, २००९ मध्ये, केट मॅडिसन नावाच्या बाईने स्वतःची बचत घालून आणि चाहत्यांकडून वर्गणी काढून पंचवीस हजार पौंडांत ‘बॉर्न ऑफ होप’ काढली, आणि बाईंनी बरोबर नस पकडली. टॉल्किनच्या परिशिष्टातल्या दोनचार परिच्छेदांत ज्यांचं आयुष्य उरकलंय अशा माणसांना, नायकाच्या आईबापांना, तिने उचललं. त्यांना मरता येतं. म्हणून त्यांचं प्रेम बघवतं. फिल्म सत्तर मिनिटांची आहे आणि त्यातली वीस सहज कापता आली असती, पण हौशी माणसाला स्वतःचं शूटिंग कापायला सांगणं म्हणजे लग्नाच्या अल्बममधून मावशी काढायला सांगणं.

आता आपल्या घरचं. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव. यंत्रमागांचं गाव, सुट्टी शुक्रवारची, आणि करमणूक म्हणाल तर सिनेमा. नासिर शेख यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं. त्यात चॅप्लिन आणि बस्टर कीटन दाखवायचे, दोन व्हीसीआर जोडून स्वतःच्या हाताने कापाकापी करायचे. पोलिसांची धाड पडल्यावर त्यांनी ठरवलं की दुसऱ्याचे सिनेमे दाखवून मार खाण्यापेक्षा आपलाच काढू. ‘मालेगाव के शोले’ साधारण पन्नास हजारांत निघाला. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले.

इथे थांबून या सायकलींकडे नीट बघा. रामनगरला शूटिंग करणाऱ्या पोरांनी काय केलं असतं? कुठूनतरी एखादं लग्नातलं घोडं भाड्याने आणलं असतं, ते बुजलं असतं, त्याला क्लोजअपमध्ये दाखवलं असतं आणि बाकी घोड्यांच्या टापा इंटरनेटवरून उतरवून घेतल्या असत्या. नासिरभाईंनी सायकल बिनधास्त चौकटीच्या मधोमध ठेवली. झालं! गब्बरची टोळी घंटी वाजवत येते हे एकदा मान्य केलं की प्रेक्षक तुमचा.

पुढे आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. तो कसा बनला यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि मराठी माणसाने तो पाहिला नसेल तर त्याने वर्ल्ड सिनेमावर चर्चा करायची थांबवावी. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा काटकुळा पोरगा. अंगावरचा निळा पोशाख त्याला दोन वर्षांनी तरी मापात येईल की नाही अशी शंका यावी इतका हाडकुळा. उडवायचं कसं? ट्रकच्या अंगाला हिरवं कापड लावलं, त्यापुढे सुपरमॅन आडवा. क्रेन म्हणून बैलगाडी. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो. मधेच सुपरमॅनचं लग्न निघतं आणि जगाचा उद्धार काही दिवस पुढे ढकलला जातो. हिरॉइन गावात मिळत नाही, बाहेरगावाहून आणावी लागते. दिग्दर्शक एवढ्यावरही चिडत नाही. प्रत्येक अडचणीकडे तो, बरं, मग आता काय, अशा नजरेने बघतो.

खरी गंमत कथेत आहे. मालेगावच्या सुपरमॅनला दमा आहे. का नसणार? हवा मालेगावची, उडायचं तिच्यातच. खलनायकाला घाण आवडते, त्याला गाव आणखी घाण करायचं आहे. मूळ सुपरमॅनच्या अमेरिकन जन्मदात्यांना असा खलनायक सात जन्मांत सुचला नसता, कारण त्यांच्या गल्लीतली गटारं झाकलेली होती. नासिर शेखनी सुपरमॅनला सलाम ठोकला नाही. त्याला मालेगावात भाड्याने खोली घेऊन दिली. शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. माहितीपट चित्रपटगृहांत लागला तो २०१२ मध्ये.

पुढचा चिमटा नियतीनेच काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. चित्रपट चांगला आहे, मनापासून केलेला आहे. पण निर्मात्यांच्या यादीत झोया अख्तर आणि फरहान अख्तर आहेत, म्हणजे ज्या ‘शोले’ची मालेगावने नक्कल केली त्याच्या लेखकांपैकी एकाची मुलं. नक्कल करणाऱ्यांची कथा मूळ घराण्यानेच पडद्यावर आणली. आणि ते सायकलवाले, हिरव्या कापडवाले स्वस्त दिवस हुबेहूब दिसावेत म्हणून कलादिग्दर्शकापासून कपडेपटापर्यंत मुंबईची पट्टीची माणसं राबली. स्वस्ताई उभी करायला महागडी माणसं लागतात, हे गणित सिनेमाच्याच धंद्यात सुटतं.

तसं पाहिलं तर हा नाशिक जिल्ह्याचाच वाण आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १९११ मध्ये गिरगावात ‘द लाइफ ऑफ क्राइस्ट’ बघायला गेले. पडद्यावर ख्रिस्त होता, फाळक्यांना कृष्ण दिसायला लागला. निष्ठावान चाहता असता तर दादरला क्रूस उभा करून बसला असता. यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, कुंडीतल्या वेलाची वाढ टिपून हात साफ केला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. घरखर्चाच्या पैशांवर सिनेमा, रोहिदास स्वतःचा मुलगा, पत्नी सरस्वतीबाईंनी अख्ख्या कंपनीला जेवू घालायचं आणि वर फिल्मला भोकंही पाडायची. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या उपाहारगृहातले अण्णा साळुंके पंधरा रुपये महिन्यावर आणले. पाण्यात ओलेत्याने खेळणाऱ्या चित्रपटातल्या दासी नीट बघा; मनगटं बघितली तर त्याही पुरुषच हे लगेच कळतं. चित्रपट लागला ३ मे १९१३ ला. लंडनवाल्यांचा ‘हंट फॉर गॉलम’ लोकांसमोर आला तो ३ मे २००९ ला. योगायोग आहे, पण पंचांगवाल्यांनी नोंद घ्यायला हरकत नाही.

बेंगळुरूची गोष्ट नेमकी उलटी. इथे बैलगाडीची क्रेन करायची वेळ येत नाही, कारण शहरात तंत्राचा सुकाळ. ‘द जंगल बुक’ आणि ‘द लायन किंग’च्या नव्या अवतारांमधली जनावरं ज्या एमपीसी कंपनीने घडवली तिच्या बेंगळुरूच्या ऑफिसात शेकडो पोरं रात्रपाळीला नटांना बांधलेल्या तारा पुसत, रोटो करत, म्हणजे चौकटीमागून चौकट आकृत्या कोरून काढत, सिंहाच्या आयाळीतला केसन् केस हलवत बसली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली आणि इथलं काम एका झटक्यात थांबलं. हॉलिवूडचा ऑस्कर जिंकून देणारे हात आहेत, चांगले संगणक आहेत, कोपऱ्यावर थ्रीडी प्रिंटर आहे. आणि एवढं सगळं असून इथल्या फॅन फिल्ममधला बुटका योद्धा इंग्रजी बोलतो, तेही कोरमंगलाचं नाही, थेट यॉर्कशायरचं. बंडेमठची टेकडी बॅकग्राउंडला, आणि तोंडी ‘माय लॉर्ड’. म्हातारा जादूगार भर एप्रिलच्या उन्हात लोकरीचा झगा घालून घामाने निथळतोय, पण कथेत त्या घामाचं कारण नाही. मालेगावकरांनी त्याला आधी पंख्याखाली बसवला असता आणि मग त्या पंख्यावरच एक प्रसंग बेतला असता.

या मंडळींना शहर दिसतच नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. हॅरी पॉटरच्या शाळेची गाडी जिथून सुटते तो पावणेदहा नंबरचा फलाट लंडनला शोधायला कशाला हवा? मॅजेस्टिकच्या बसस्थानकात जा. तिथल्या काही बसगाड्या कुठल्या फलाटावरून सुटतात हे जादूगारालाच ठाऊक; बाकीच्यांनी नुसतं धावायचं. वर्तूर तळ्यात राहणारा राक्षस फेसाने गुदमरून वर का येत नाही? बेल्लंदूरच्या तळ्याने तर पेटून दाखवलंय, फुकटात, तेही एकापेक्षा जास्त वेळा. ड्रॅगनच्या तोंडून आग ओकवायला तुम्ही तीन आठवडे संगणक जाळता. मेट्रोच्या खांबाखाली रस्ता अडवून उभा असलेला चेटूकवाला, ‘पुढे जाता येणार नाही’ एवढंच म्हणणारा, इथे रोज भेटतो आणि त्याच्या अंगावर खाकी असते.

याच शहराने २०१३ मध्ये ‘लुसिया’ हा चित्रपट करून दाखवला आहे. दिग्दर्शक पवनकुमारला निर्माता मिळेना, त्याने इंटरनेटवर थेट प्रेक्षकांपुढे हात पसरला आणि पन्नासेक लाख गोळा केले. स्वप्नातल्या आणि जागेपणीच्या दोन आयुष्यांची गोष्ट, म्हणजे अद्भुतच. पण नायक चित्रपटगृहात बॅटरी घेऊन खुर्ची दाखवणारा. गांधीनगरच्या, म्हणजे कन्नड सिनेमाच्या पेठेच्या, अगदी दारातला माणूस. आमचं महाराष्ट्र मंडळही त्याच गांधीनगरात. गणपतीत तिथे एकांकिका होतात, आणि एक सांगतो, थर्माकोलच्या राजवाड्यात पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला अकाउंटंट जेव्हा मुकुट सावरत आपलं वाक्य विसरतो, तेव्हा सभागृहातून त्याला वाक्य पुरवणारी निदान दहा माणसं असतात. असा प्रेक्षक कुठल्या मल्टिप्लेक्सला मिळाला आहे?

राहता राहिला कायदा. ‘स्टार ट्रेक’च्या मालकांनी २०१६ मध्ये चाहत्यांसाठी नियमावली काढली. एक फिल्म पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. कलाकार हौशीच हवेत. पंधरा मिनिटांचा नियम वाचून मी मनातल्या मनात त्या वकिलांना नमस्कार केला. संकलकांना जे जमलं नाही ते त्यांनी एका कलमात साधलं. त्याच नियमावलीत असंही आहे की बाजारातला तयार पोशाख वापरायचा तर तो अधिकृत मालच हवा, नकली नको. पोराने रात्र रात्र जागून आईच्या शिलाई मशिनवर शिवलेल्या गणवेशाला मात्र त्यात बंदी नाही. फॅन फिल्ममधली जी एकमेव गोष्ट हमखास चांगली असते, निदान ती तरी वाचली.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापर, टीका, समीक्षा यांना वाट ठेवली आहे. विडंबनाचं नाव त्या यादीत नाही, फॅन फिल्मचं तर नाहीच. तरी भीतीचं कारण नाही. नोटीस यायला आधी कोणीतरी फिल्म पाहावी लागते. मे २०२४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने अँडी सर्किसच्या दिग्दर्शनाखाली ‘द हंट फॉर गॉलम’ याच नावाचा अधिकृत चित्रपट जाहीर केला, आणि पाठोपाठ लंडनच्या पोरांची पंधरा वर्षं जुनी फिल्म यूट्यूबवरून अडवली गेली. चाहत्यांनी आरडाओरडा केला, लगेच ती परतही आली. पण तोवर काम झालं होतं. पोत्यातल्या गॉलमची हॉलिवूडच्या स्टुडिओला दखल घ्यावी लागली. बेंगळुरूच्या एखाद्या पोराला अशी नोटीस आली तर तो वकील शोधणार नाही, आधी लॅमिनेशनचं दुकान शोधेल, आणि आई ती हॉलमध्ये त्याच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीशेजारी लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल, “अहो, अमेरिकेहून पत्र आलंय.”